‘अजून किती वेळ?’ : डेटाबेसच्या लांबलचक कामावर नजर कशी ठेवायची

पावसाळ्यात सांगलीतल्या कोणालाही विचारा, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट आहे ते त्याच्या तोंडावर असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हापासून तर शाळकरी पोरंही आकडा विचारतात. पण ज्यानं पूर पाहिलाय तो आकड्यावर थांबत नाही. तो लगेच विचारतो, ‘चढतंय का उतरतंय?’ मग, ‘तासाला किती?’ आणि शेवटी, ‘कोयनेतून किती सोडलंय?’

डेटाबेसचं तासन्‌तास चालणारं काम पाहताना मला हेच चार प्रश्न लागतात. आकडा किती, तो हलतोय का, किती वेगानं हलतोय, आणि मागून अजून काय यायचंय. नवीन मुलं यातला पहिला प्रश्न विचारून थांबतात. त्यामुळे एक तर उगाच धीर देतात, नाही तर उगाच घाबरून चालतं काम मारून टाकतात. दोन्हीचा फटका शेवटी गावातल्या माणसाला बसतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी विश्रामबागेतल्या एका लहान ऑफिसातून दूध संकलनाच्या डेटाबेसची देखभाल करतो. एक लाख उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला माणशी एक नोंद, असं धरलं तर वर्षाला सात कोटींच्या वर ओळी होतात. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्या बिलावर घरं चालतात. सकाळचं संकलन आटोपलं की संध्याकाळची पाळी सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढाच आमच्या हातात. म्हणून ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाचं उत्तर चुकवून आमचं भागत नाही.

उदाहरणं पोस्टग्रेस या डेटाबेसची देतो, कारण आम्ही तेच वापरतो. बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलंय. तक्त्यांची आणि रकान्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत, आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची.

पायरी १ : सुरू करण्याआधी

चार गोष्टी वहीत लिहा. टेबल किती जीबीचं आहे, त्यावर इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूची) किती आहेत, डिस्कवर मोकळी जागा किती आहे, आणि हेच काम मागच्या वेळी किती वेळात झालं होतं. टेबलचा आकार ‘पीजी टोटल रिलेशन साइझ’ या फंक्शननं मिळतो. त्यात इंडेक्सही धरलेले असतात. नुसत्या टेबलसाठी ‘पीजी टेबल साइझ’ वापरा. मोकळ्या जागेकडे विशेष लक्ष द्या. व्हॅक्यूम फुल, म्हणजे टेबलमधला जुन्या ओळींचा कचरा साफ करणारं काम, टेबलची पूर्ण नवी प्रत बनवतं आणि काम संपेपर्यंत जुनी प्रतही डिस्कवर राहते. ४० जीबीच्या टेबलला ३० जीबी मोकळी जागा असेल तर ते काम सुरूच करू नये.

दुसरं, काम नेहमी सर्व्हरवरच्या टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत सुरू करा. कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारे हे प्रोग्राम. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, लाइटबरोबर नेट जातं आणि सर्व्हरशी जोडलेली खिडकी बंद पडते. डेटाबेसचा सर्व्हर पुण्यात असो की मुंबईत, तुमच्या शेलमधून सुरू केलेली रिस्टोअरची स्क्रिप्ट त्या शेलबरोबर मरते. टीमक्समध्ये असेल तर ती तिकडे चालत राहते. लाइट आली की पुन्हा जोडायचं.

तिसरं, ज्या कामाला टेबलवर पूर्ण लॉक (दुसऱ्या कोणाला टेबल वापरू न देणारं कुलूप) लागतो, म्हणजे टेबलची रचना बदलणारे बहुतेक सगळे ऑल्टर टेबल, त्याआधी ‘लॉक टाइमआउट’ पाच सेकंदांवर ठेवा. ऑल्टर टेबल लॉकची वाट बघत उभा राहिला की त्याच्यामागून येणाऱ्या साध्या क्वेरीही त्याच्यामागे रांगेत थांबतात. काम सुरूच झालेलं नसतं आणि तरीही सगळी संकलन केंद्रं ठप्प होतात. पाच सेकंदांत लॉक नाही मिळाला तर माघार घ्यावी आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करावा.

पायरी २ : दुसरी खिडकी

काम एका खिडकीत, नजर दुसऱ्या खिडकीतून. ज्या सेशनमध्ये काम चाललंय ते तुम्हाला काहीच सांगणार नाही. तिथे कर्सर लुकलुकत राहील. दुसरं सेशन उघडा आणि आधी ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ बघा. सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येक सेशनची तिथे एक ओळ असते. पीआयडी, स्टेट, क्वेरी स्टार्ट, वेट इव्हेंट टाइप, वेट इव्हेंट आणि क्वेरी एवढे रकाने निवडा. पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, वहीत उतरवून घ्या, पुढे सगळीकडे तो लागतो.

स्टेट ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे सेशननं कमांड हातात घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ. काम पुढे सरकतंय की नाही ते वेट इव्हेंट टाइपमधून कळतं. तिथे ‘आयओ’ असेल तर डिस्कचं वाचन किंवा लेखन चाललंय. हे चांगलं लक्षण. रकाना रिकामा असेल तर बहुधा प्रोसेसर राबतोय, तेही चांगलं. ‘लॉक’ असेल तर काम उभं आहे आणि दुसऱ्या कोणाची तरी वाट बघतंय.

पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड लिहायच्या खिडकीत, क्वेरीच्या शेवटी अर्धविरामाऐवजी उलटी तिरकी रेघ देऊन वॉच आणि १० लिहिलं की तीच क्वेरी दर दहा सेकंदांनी आपोआप चालते. दर सेकंदाला बघायची गरज नाही. तासांच्या कामाला दहा-पंधरा सेकंद पुरतात, आणि दोन आकड्यांमधला फरकही डोळ्यांना दिसतो.

पायरी ३ : प्रगतीचा तक्ता वाचणं

पोस्टग्रेसमध्ये काही ठरावीक कामांसाठी प्रगतीचे वेगळे तक्ते आहेत. व्हॅक्यूमचा ९.६ आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली आला. क्रिएट इंडेक्स आणि क्लस्टरचे (टेबल इंडेक्सच्या क्रमानं नव्यानं लिहिणं) १२ मध्ये, अ‍ॅनलाइझ (डेटाची आकडेवारी ताजी करणं) आणि बेस बॅकअपचे (सगळ्या सर्व्हरची प्रत) १३ मध्ये, कॉपीचा १४ मध्ये. तुमचा सर्व्हर जुना असेल तर यातले काही मिळणार नाहीत, म्हणून आधी आवृत्ती बघा.

इंडेक्सचं उदाहरण घेऊ. संकलनाचं टेबल ४० जीबीचं आहे आणि उत्पादक क्रमांक व तारीख यांवर नवा इंडेक्स हवा आहे. केंद्रांवरून दुरुस्त्या दिवसभर येत असतात, त्यामुळे साधा क्रिएट इंडेक्स चालणार नाही. तो टेबलमधलं लेखन थांबवतो. म्हणून लेखन चालू ठेवणारं ‘कॉन्करंटली’ लावून सुरू केला. आता ‘पीजी स्टॅट प्रोग्रेस क्रिएट इंडेक्स’ या तक्त्यात फेज, ब्लॉक्स टोटल, ब्लॉक्स डन, ट्यूपल्स टोटल, ट्यूपल्स डन, लॉकर्स टोटल, लॉकर्स डन आणि करंट लॉकर पीआयडी हे रकाने बघायचे.

ट्यूपल म्हणजे ओळ, आणि ब्लॉक म्हणजे टेबलचा डिस्कवरचा तुकडा. पोस्टग्रेसचा एक ब्लॉक सहसा ८ केबीचा असतो. म्हणजे ४० जीबीच्या टेबलचे ब्लॉक्स टोटल ५२,४२,८८०. समजा ११:१० ला ब्लॉक्स डन १३,१०,७२० दिसले, म्हणजे १० जीबी. ११:१५ ला १९,६६,०८०, म्हणजे १५ जीबी. पाच मिनिटांत पाच जीबी, मिनिटाला एक. उरले २५ जीबी, म्हणजे साधारण ११:४० ला हे वाचन संपेल.

इथे नवा माणूस फोन उचलून सांगतो, ‘साहेब, ११:४० ला इंडेक्स तयार.’ आणि इथेच तो फसतो, कारण ११:४० ला फक्त पहिलं वाचन संपणार आहे. फेजच्या रकान्यात तेव्हा ‘बिल्डिंग इंडेक्स : स्कॅनिंग टेबल’ लिहिलेलं असतं. त्यानंतर ओळी क्रमानं लावण्याचा टप्पा येतो, आणि त्यात ब्लॉकचा आकडा हलत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं, आकडा तिथेच. अशा वेळी पुन्हा अ‍ॅक्टिव्हिटीच्या तक्त्याकडे वळायचं. वेट इव्हेंट कधी आयओ, कधी रिकामा दिसत असेल तर काम चालू आहे. मग ओळी इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेत भरण्याचा टप्पा येतो आणि तिथे ट्यूपल्स डन पळायला लागतो.

आणि कॉन्करंटलीचं वैशिष्ट्य असं की त्यात टेबल दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा बांधणीसाठी, दुसऱ्यांदा मधल्या काळात आलेल्या नोंदी सुटल्या नाहीत ना हे तपासण्यासाठी. दुसरं वाचन सुरू झालं की ब्लॉक्स डन पुन्हा शून्यावर येतो. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं सगळं पुसलं गेलं आणि काम पहिल्यापासून सुरू झालं. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीनं त्या क्षणी घाबरून कंट्रोल-सी दाबलं होतं. तीन तासांची मेहनत गेली. तिची चूक नव्हती. टप्पे तिला मी आधी सांगायला हवे होते. तेव्हापासून टप्प्यांची यादी भिंतीवर लावली आहे आणि काम सुरू करण्याआधी ती मोठ्यानं वाचून घेतो.

पायरी ४ : काम उभं राहिलंय तेव्हा

हा भाग सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडतो, आणि सगळ्यात कमी शिकवला जातो.

कॉन्करंटली इंडेक्स मधल्या तीन ठिकाणी वाट बघत थांबू शकतो. बांधणीआधी, पडताळणीआधी, आणि शेवटी जुन्या स्नॅपशॉटसाठी (आधीपासून चालू कामानं धरून ठेवलेलं डेटाचं त्या क्षणाचं चित्र). फेजमध्ये ‘वेटिंग फॉर’ अशी सुरुवात दिसली की ब्लॉककडे बघणं सोडा आणि लॉकर्सचे तीन रकाने बघा. लॉकर्स टोटल म्हणजे किती जणांची वाट बघायची आहे, लॉकर्स डन म्हणजे किती जण मोकळे झाले, आणि करंट लॉकर पीआयडी म्हणजे आत्ता कोणामुळे अडलंय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दूध संघाच्या डेटाबेसवर मी असाच इंडेक्स लावला आणि स्टेट अ‍ॅक्टिव्ह आहे बघून ५० मिनिटं शांत बसलो. चहा झाला, भडंगाचा पुडा संपला, आणि मग सहज प्रगतीचा तक्ता उघडला, तर फेज अजून पहिल्याच वाटेवर, ‘वेटिंग फॉर रायटर्स बिफोर बिल्ड’. लॉकर्स टोटल एक, लॉकर्स डन शून्य. एक ब्लॉकही वाचला गेला नव्हता. त्या पीआयडीची ओळ अ‍ॅक्टिव्हिटीत शोधली, तर स्टेट ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. हिशेब विभागातल्या कोणीतरी क्वेरी चालवायच्या खिडकीत एका उत्पादकाचं चुकलेलं फॅट दुरुस्त केलं होतं, कमिट (बदल कायम) केलं नव्हतं, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून जेवायला गेलं होतं. एक ओळ बदलली, आणि सगळा इंडेक्स तिच्यामुळे खोळंबला.

अशा वेळी काय करायचं? आधी फोन. ‘क्लायंट अ‍ॅड्रेस’ (टाइप करताना client_addr) आणि ‘अ‍ॅप्लिकेशन नेम’ या रकान्यांवरून ते कोणाचं मशीन आहे ते कळतं. त्या माणसाला सांगून कमिट किंवा रोलबॅक (बदल रद्द) करून घ्यावं, कारण ती दुरुस्ती खरी असू शकते आणि तिच्यावर कोणाचं तरी बिल अवलंबून असतं. माणूस सापडलाच नाही तर ‘पीजी टर्मिनेट बॅकएंड’. इथे ‘पीजी कॅन्सल बॅकएंड’ चालत नाही. ते चालू असलेली क्वेरी थांबवतं, आणि नुसत्या बसून राहिलेल्या सेशनमध्ये क्वेरीच चालू नसते. टर्मिनेट केल्यावर कोणती दुरुस्ती गेली ते त्या विभागाला लेखी कळवा.

शेवटची वाट, म्हणजे जुन्या स्नॅपशॉटची, बहुतेक वेळा चालू असलेल्या बॅकअपमुळे असते. पीजी डंप, म्हणजे बॅकअप घेणारा प्रोग्राम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्नॅपशॉट धरून बसतो. म्हणून त्याच डेटाबेसचा डंप चालू असताना कॉन्करंटली इंडेक्स सुरू करू नका. डंप संपेपर्यंत इंडेक्स संपणार नाही.

इतर कामांत कोण कोणाला अडवतंय हे ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ या फंक्शनला आपल्या कामाचा पीआयडी दिला की कळतं. उत्तरात आलेल्या पीआयडीवर पुन्हा तेच फंक्शन चालवा. साखळी असेल तर टोकाचा माणूस सापडेपर्यंत जावं लागतं, आणि फोन त्या टोकाच्या माणसालाच करायचा असतो.

पायरी ५ : व्हॅक्यूम

व्हॅक्यूमच्या तक्त्यात हीप ब्लॉक्स टोटल, हीप ब्लॉक्स स्कॅन्ड आणि हीप ब्लॉक्स व्हॅक्यूम्ड असे तीन आकडे येतात (इथे ‘ब्लॉक्स’ टाइप करताना blks असं लिहायचं). पहिल्या दोघांवरून वाचन किती झालं ते कळतं. पण माझं लक्ष असतं ते ‘इंडेक्स व्हॅक्यूम काउंट’ या रकान्यावर. तो शून्य किंवा एक असेल तर ठीक. दोन, तीन, चार असा वाढत चालला असेल तर मृत (बदललेल्या किंवा पुसलेल्या) ओळींची यादी मेमरीत मावत नाही, आणि प्रत्येक वेळी यादी भरली की व्हॅक्यूम सगळे इंडेक्स पहिल्यापासून फिरून येतोय. ‘मेंटेनन्स वर्क मेम’, म्हणजे अशा कामांच्या मेमरीची मर्यादा, हा न बदलता ६४ एमबीवर राहिलेला असतो तेव्हा मोठ्या टेबलवर हे होतं. पुढच्या वेळी तो वाढवून सुरू करा. चालू व्हॅक्यूमचा वेळ सांगताना मात्र ब्लॉकच्या टक्क्यांवर जाऊ नका. इंडेक्सच्या फेऱ्यांत जास्त वेळ जातो.

ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेस आपणहून चालवतो तो व्हॅक्यूम, मुद्दाम थांबत थांबत काम करतो, बाकीच्या वापराला धक्का लागू नये म्हणून. तो हळू चालतोय म्हणून मारू नका. त्याच्या क्वेरीच्या रकान्यात ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’ असं दिसत असेल तर त्याला हातच लावू नये. ते काम टाळत राहिलं तर एक दिवस डेटाबेस नवीन लेखन घेणं बंद करतो.

व्हॅक्यूम फुल मात्र या तक्त्यात दिसत नाही. तो क्लस्टरच्या तक्त्यात शोधावा लागतो. हे माहीत नसलं की ‘काम चालूच नाही’ असं वाटतं.

पायरी ६ : बॅकअप आणि रिस्टोअर

बेस बॅकअपच्या तक्त्यात बॅकअप टोटल आणि बॅकअप स्ट्रीम्ड असतात. एकूण आकार सुरुवातीला घेतलेला अंदाज असतो आणि बॅकअप चालू असताना डेटाबेस वाढतच असतो, म्हणून शेवटी थोडं इकडेतिकडे होतं. सुरुवातीला ‘वेटिंग फॉर चेकपॉइंट टु फिनिश’ (मेमरीतले बदल डिस्कवर उतरायची वाट) दिसलं तर काही मिनिटं धीर धरा.

रिस्टोअरमध्ये खरी फसगत होते. पीजी रिस्टोअर आधी टेबल बनवतं, मग डेटा भरतं, मग इंडेक्स बांधतं आणि मग फॉरेन की (एका टेबलचं दुसऱ्या टेबलशी नातं) तपासतं. डेटा भरताना कॉपीच्या तक्त्यात ट्यूपल्स प्रोसेस्ड पळताना दिसतो. तो जुन्या सर्व्हरवरच्या टेबलच्या ओळींशी ताडून बघावा. सगळी टेबलं भरली की माणसाला वाटतं, झालंच. प्रत्यक्षात बरेच इंडेक्स असतील तर निम्मं कामही झालेलं नसतं. रिस्टोअरच्या आधी बॅकअप फाइलची यादी ‘एल’ या पर्यायानं काढून घ्या आणि त्यात इंडेक्स आणि फॉरेन की किती आहेत ते मोजून ठेवा. काम चालू असताना ‘व्हर्बोज’ ठेवला तर कोणती वस्तू चाललीय ते ओळीनं छापलं जातं, आणि यादीवर खुणा करत जाता येतं. कागदावर खुणा करण्याची ही पद्धत जुनी वाटेल, पण आजवर तिनं मला फसवलेलं नाही. फॉरेन कीच्या तपासणीला प्रगतीचा तक्ता नाही, तिथे ही यादीच आधार.

फाइलमधून डेटा भरताना आणखी एक खाचखळगा. सर्व्हरवरची फाइल थेट कॉपीला दिली असेल तर बाइट्स टोटल भरलेला येतो. पण पीएसक्यूएलच्या तिरक्या रेघेच्या कॉपीनं आपल्या मशीनवरून पाठवली तर सर्व्हरला एकूण आकार माहीत नसतो आणि तिथे शून्य दिसतं. घाबरू नका. फाइलचा आकार आपल्याला माहीत असतो, त्याच्याशी बाइट्स प्रोसेस्ड ताडून बघा.

पायरी ७ : ज्या कामांना तक्ताच नाही

मोठा अपडेट, मोठा डिलीट, टेबल नव्यानं लिहायला लावणारा ऑल्टर. यांची प्रगती पोस्टग्रेस दाखवत नाही.

इंटिजरचा रकाना बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा) करायला घेतला की सगळं टेबल नव्या फाइलमध्ये लिहिलं जातं. सर्व्हरवर डेटाबेसच्या फोल्डरमध्ये जाऊन ताज्या फाइली बघा. पोस्टग्रेस सहसा १ जीबीचे तुकडे करतो आणि नावापुढे टिंब देऊन १, २, ३ असे क्रमांक लावतो. नव्या नावाचे १२ तुकडे दिसले तर साधारण १२ जीबी लिहून झालंय. जुन्या टेबलमध्ये मोकळी पडलेली जागा असेल तर नवं त्याहून लहान निघतं, आणि लिहून झाल्यावर इंडेक्सही पुन्हा बांधले जातात. हे दोन्ही धरून अंदाज करा.

अपडेटसाठी माझं ठाम मत आहे : एका दमात करूच नका. आम्ही दूध दराची जुनी दुरुस्ती करताना दहा दिवसांच्या बिलांप्रमाणेच तुकडे पाडतो. वर्षाचे ३६ तुकडे. प्रत्येक तुकडा वेगळा कमिट, आणि प्रत्येक कमिटनंतर एका लहान टेबलमध्ये तारीख, ओळी आणि वेळ यांची नोंद. मग प्रगती कुठे शोधायला जावं लागत नाही. ३६ पैकी १४ झाले, प्रत्येकाला सरासरी तीन मिनिटं, उरली ६६ मिनिटं. संध्याकाळची पाळी जवळ आली तर २० व्या तुकड्यावर थांबता येतं आणि उद्या २१ पासून सुरू करता येतं.

पायरी ८ : मारायचं का?

कधीकधी मारावंच लागतं. पण आधी एक गोष्ट समजून घ्या. पोस्टग्रेसमध्ये काम थांबवलं की रोलबॅक जवळपास लगेच होतो, फक्त अर्धवट ओळींचा कचरा टेबलमध्ये राहतो आणि तो व्हॅक्यूमला उचलावा लागतो. ओरॅकल, मायएसक्यूएलचं इनोडीबी आणि एसक्यूएल सर्व्हर यांत सहसा तसं नाही. तिथे झालेला प्रत्येक बदल उलटा फिरवावा लागतो, आणि तीन तासांचा अपडेट मारला तर उलटं जायला तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तेव्हा वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करणं हा सगळ्यात वाईट निर्णय. इनोडीबी सुरू झाल्यावर उरलेला रोलबॅक पुढे चालूच ठेवतं. पूर ओसरायला जो वेळ लागतो तो लागतोच. काम ८० टक्के झालं असेल तर बहुतेक वेळा पुढे जाऊ देणंच स्वस्त पडतं.

मारायचं ठरलंच तर आधी कॅन्सल, त्यानं नाही झालं तरच टर्मिनेट. ऑपरेटिंग सिस्टिममधून किल नाइन कधीही नको. एक प्रोसेस तशी मारली की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतो आणि रिकव्हरीत जातो.

कॉन्करंटली इंडेक्स मधेच मारला तर अर्धवट इंडेक्स टेबलवर राहतो. तो क्वेरीला उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक नवीन नोंदीचा भार मात्र वाढवू शकतो. ‘पीजी इंडेक्स’ या कॅटलॉगमध्ये ‘इंड इज व्हॅलिड’ (हे मात्र अंडरस्कोर न देता सलग) खोटं असलेले इंडेक्स शोधा आणि काढून टाका.

इतर डेटाबेसवर असाल तर

ओरॅकलमध्ये ‘व्ही डॉलर सेशन लाँगऑप्स’. सहा सेकंदांपेक्षा जास्त चालणारी बरीच कामं तिथे येतात. सो फार, टोटल वर्क (हे दोन्ही अंडरस्कोर न देता सलग) आणि टाइम रिमेनिंग हे रकाने बघा. उरलेला वेळ त्या एका टप्प्याचा असतो, सगळ्या क्वेरीचा नव्हे. रोलबॅकसाठी ‘व्ही डॉलर ट्रान्झॅक्शन’मधला ‘यूज्ड युरेक’ शून्याकडे उतरतोय का ते बघा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीएम एक्झेक रिक्वेस्ट्स’मधला ‘पर्सेंट कंप्लीट’ बॅकअप, रिस्टोअर, चेकडीबी आणि रोलबॅकसाठी भरलेला असतो. साध्या क्वेरीला आणि इंडेक्स रिबिल्डला तो शून्यच राहतो. मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून ऑल्टर टेबलची प्रगती परफॉर्मन्स स्कीमातल्या ‘इव्हेंट्स स्टेजेस करंट’मध्ये ‘वर्क कंप्लीटेड’ आणि ‘वर्क एस्टिमेटेड’ अशी येते. त्यासाठी इनोडीबी ऑल्टरची इन्स्ट्रुमेंट्स आणि स्टेजेसचे कन्झ्युमर आधीपासून चालू असावे लागतात.

लोकांना काय सांगायचं

संध्याकाळच्या पाळीची वाट बघणाऱ्या केंद्राच्या सचिवाला टक्केवारी नको असते. त्याला एवढंच हवं असतं की काट्यावर कॅन घ्यायचे की थांबायचं. मी पाठवतो तो निरोप असा असतो :

‘११:१५. पहिलं वाचन ४० पैकी १५ जीबी झालं, वेग मिनिटाला १ जीबी. हा टप्पा ११:४० च्या आसपास संपेल. त्यानंतर तीन टप्पे बाकी आहेत. पुढची बातमी ११:४५ ला देतो. दुरुस्त्या चालू ठेवा, नोंदी थांबणार नाहीत.’

यात वेळ आहे, टप्पा आहे, वेग आहे, पुढची बातमी कधी ते आहे आणि त्यांनी काय करायचं तेही आहे. ११:४५ म्हटलं की ११:४५ ला निरोप गेलाच पाहिजे, मग सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरीही. अंदाज चुकला तर लगेच नवा अंदाज द्या. सचिवाला उशीर समजतो. शांतता समजत नाही, आणि मग तो दर दोन मिनिटांनी फोन करतो.

काम संपल्यावर

इंडेक्स असेल तर तो व्हॅलिड आहे का ते तपासा. मोठा डेटा भरला असेल तर अ‍ॅनलाइझ चालवा, नाही तर नव्या सर्व्हरवर सगळ्या क्वेरी मंद धावतील आणि दोष रिस्टोअरला दिला जाईल. डिस्कवरची जागा पुन्हा बघा. मग वहीत प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट लिहा : पहिलं वाचन, क्रमवारी, भरणी, दुसरं वाचन, कुठे किती वेळ वाट बघितली आणि कोणामुळे. टेबलचा त्या दिवशीचा आकारही लिहा. पुढच्या वर्षी टेबल ५० जीबीचं झालेलं असेल आणि कोणीतरी विचारेल, अजून किती वेळ. तेव्हा हे पान उघडायचं.